आयत्या वेळचा विषय

सभेची विषयपत्रिका काढताना शेवटच्या विषयाचा मजकूर मला कधी कोणाला विचारावा लागला नाही. मधले विषय दर खेपेला बदलायचे. कधी बी.कॉम.ची जादा तुकडी, कधी प्रयोगशाळेचं गळकं छत, कधी कॅन्टीनचं कंत्राट. पहिला आणि शेवटचा मात्र ठरलेले. पहिला, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. शेवटचा, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांचा विचार करणे'. ठाण्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत मी १९८३ साली टंकलेखिका म्हणून लागले आणि २०१९ साली अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्या छत्तीस वर्षांत हे वाक्य मी आधी स्टेन्सिलवर कापलं, मग इलेक्ट्रॉनिक टाइपरायटरवर बडवलं, आणि कॉम्प्युटर आल्यावर तर बडवायचंही राहिलं नाही. जुनी फाइल उघडायची, तारीख बदलायची. शेवटची ओळ खाली असायचीच.

त्या ओळीखाली आमच्या संस्थेचा अध्यक्ष बदलला. त्याला आता बरीच वर्षं झाली. संस्थेचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील आणि बाकीच्यांचं नावावाचून काही अडणार नाही.

बाहेरच्या माणसाला कॉलेज म्हणजे प्राचार्य वाटतात आणि विद्यापीठ म्हणजे कुलगुरू. पेपरात फोटो त्यांचेच येतात. पण प्राचार्यांच्या केबिनच्या वरच्या मजल्यावर, नाहीतर जिन्याखालच्या एखाद्या खोलीत, 'संस्था' नावाचं आणखी एक बिऱ्हाड नांदत असतं. जागा संस्थेच्या नावावर, कर्ज संस्थेच्या नावावर, नेमणुकीच्या पत्राखाली सही संस्थेच्या कार्यवाहांची. आपल्याकडच्या अशा बहुतेक संस्था दोनदा नोंदलेल्या असतात, एकदा १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि एकदा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. म्हणून लेटरहेडवर नंबरही दोन, आणि दुसऱ्याच्या आधी इंग्रजी 'एफ'. नवीन लागलेल्या मुलीला मी पहिल्या दिवशी हे दोन नंबर पाठ करायला लावायची. पुढे प्रत्येक अर्जावर ते लागतातच.

एक गोष्ट मला नोकरीत असल्यापासून खटकायची. संस्थेतल्या प्रत्येकाला जायची तारीख होती. मला अठ्ठावन्न. शिपायाला साठ, प्राध्यापकाला साठ, प्राचार्यांना बासष्ट, फार तर मुदतवाढ मिळून पासष्ट. विद्यापीठाच्या कायद्यात कुलगुरूंनाही पाच वर्षं किंवा वयाची पासष्टी, जे आधी येईल ते. म्हणजे घंटा देणाऱ्यापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांच्या सर्व्हिस बुकात शेवटचा दिवस लिहिलेला. शिपायापासून प्राचार्यांपर्यंतच्या नेमणुका करणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षाला मात्र सर्व्हिस बुकच नसतं. आमच्या घटनेत 'अध्यक्षाची मुदत पाच वर्षे राहील' एवढं होतं. फेरनिवड किती वेळा, किती वयापर्यंत, याबद्दल घटना लिहिणाऱ्यांनी काही म्हटलेलं नव्हतं. त्यांचाही काय दोष? ते सगळे तेव्हा तिशी-पस्तिशीतले होते.

त्यांच्यातले शेवटचे अप्पा.

अप्पा गणिताचे मास्तर. नौपाड्यातल्या एका वाड्याच्या दोन खोल्यांत त्यांनी आणि चार मित्रांनी रात्रीचे वर्ग सुरू केले ते वागळे इस्टेटच्या कारखान्यांत दिवसपाळी करणाऱ्या पोरांसाठी. त्यातून शाळा निघाली, शाळेतून कॉलेज, आणि मी लागले तोवर अप्पा अध्यक्ष होऊन जुने झाले होते. सभा साडेपाचची असली की पाच वीसला गोखले रोडवरून चालत यायचे. धोतर नाही, पँट-शर्टच, पण शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा कायम. शिकवणं सुटून वीस वर्षं झाली तरी तो खडू काही सुटला नाही. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बाई, पेन विसरलं तर?" मला ते तेव्हा विनोदी वाटलं होतं.

भाषणात त्यांची एक गोष्ट ठरलेली असे. स्नेहसंमेलन असो, पदवीदान असो, कोणाचा निरोपसमारंभ असो, ती यायचीच. टिळक आणि आगरकर. डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस बरोबर काढलेले मित्र. दोघांनी मिळून १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी केली आणि सहा वर्षांत आजीव सभासदांमध्ये अशी जुंपली, की १८९० साली टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. निमित्त गोखल्यांचं झालं. त्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, आणि आजीव सभासदाने आपला सगळा वेळ संस्थेलाच द्यावा हा टिळकांचा आग्रह. इथवर आले की अप्पा थांबायचे, पाण्याचा घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "आता गणित बघा." टिळक गणित शिकवत. त्यांची जागा रिकामी झाली. १८९१ साली फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला कोण आलं? धोंडो केशव कर्वे. त्या कर्व्यांनी १९१६ साली महिलांचं विद्यापीठ काढलं, आणि काढल्यावर स्वतः त्याच्या खुर्चीत बसले का? नाही. कुलपती केलं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना, कुलगुरू केलं रँग्लर परांजप्यांना. स्वतः पावतीपुस्तक घेऊन गावोगाव हिंडले. पुढे विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख दिले तेव्हा विद्यापीठाला नाव लागलं ठाकरसींच्या आईचं.

टाळ्या पडायच्या. मी मागच्या रांगेत बसून ही गोष्ट बारा-पंधरा वेळा तरी ऐकली असेल. आणि ती सांगणारा माणूस पंचवीस-तीस वर्षं त्याच खुर्चीत होता, ही गंमत माझ्या बरोबरीने आणखीही कोणाच्या लक्षात येत असणार. कोणी बोलत नव्हतं. अप्पा खुर्चीत बसले होते खरे, पण त्या खुर्चीतून त्यांनी एक पैसा घरी नेला नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं. अशा माणसाला जा म्हणायचं तर काय कारण देऊन म्हणायचं?

दर पाच वर्षांनी निवडणूक व्हायची. म्हणजे विषयपत्रिकेवर विषय असायचा. सूचक उभे राहायचे, अनुमोदक उभे राहायचे, आणि मी प्रोसिडिंग बुकात लिहायची : 'सर्वानुमते निवड करण्यात आली.'

प्रोसिडिंग बुक म्हणजे लाल कापडी बांधणीची जाडजूड वही. पानांवर छापील आकडे, त्यामुळे मधलं पान फाडता येत नाही. आत निळ्या शाईने हाताने लिहायचं. मधल्या काळात टाइप केलेले कागद डकवायची टूम आली होती, ती अप्पांनी चालू दिली नाही. "डकवलेलं उचकटता येतं, बाई." खाडाखोड झाली तर वर शुद्ध शब्द लिहून बाजूला अध्यक्षांची लघुस्वाक्षरी. माझं अक्षर बरं होतं, म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि निवृत्तीपर्यंत राहिलं. सभेत कोण काय बोललं हे इतिवृत्तात येत नाही. चर्चा तासभर झाली, आवाज चढले, कोणी खुर्ची मागे ढकलली, तरी वहीत 'साधकबाधक चर्चा होऊन' एवढंच. आणि पुढे 'सर्वानुमते'. हा शब्द मी इतक्या वेळा लिहिलाय की अजूनही किराण्याची यादी करताना 'स' काढला की हात पुढे 'र्वा'कडे वळतो.

अप्पांचं काहीतरी बिनसलंय हे पहिल्यांदा कळलं ते घरच्यांना नाही, डॉक्टरांना नाही, बँकेच्या काउंटरवरच्या मुलाला. पगाराचा चेक परत आला. शेरा, सही जुळत नाही. मला वाटलं घाईत केली असेल. दुसरा करून घेतला. तोही परत. बँकेतला मुलगा भला होता. त्याने मला काउंटरच्या आत बोलावून नमुना सहीचं कार्ड दाखवलं. त्या सहीतला 'अ' भरदार, खाली आडवी रेघ, रेघेखाली दोन टिंबं. आत्ताची सही म्हणजे पावसात भिजलेली तीच सही. मी कार्डाची झेरॉक्स मागून आणली.

त्या दिवशी दुपारी अप्पा कचेरीत आले तेव्हा मी ती झेरॉक्स त्यांच्यापुढे ठेवली आणि पाठकोरे कागद दिले. जुन्या विषयपत्रिका आम्ही फेकत नसू, मागची बाजू कच्च्या कामाला वापरायचो. त्यांनी चष्मा पुसला. झेरॉक्स बघत एक सही केली. पुन्हा बघितलं. दुसरी केली. पंखा तीनवर होता, कागद उडत होता, म्हणून डाव्या हाताचा तळवा त्यावर दाबून धरलेला. मी समोर बसून पगारपत्रकाची बेरीज तपासत असल्याचं सोंग करत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस दहा वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या सहीची नक्कल करत होता, आणि शाळेतल्या पोरासारखी जीभ ओठाच्या कोपऱ्यात आली होती. अकरावी की बारावी सही जरा जुळली. "ही चालेल का हो बाई?" मी म्हटलं, "चालेल." त्यांनी लगेच चेकवर केली, हात विसरायच्या आत. तो चेक वटला.

तो कागद मी कपाटात ठेवला. कोणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? कार्यवाहांना तरी? आज वाटतं, हवं होतं. तेव्हा वाटलं, ही आपली आणि त्यांची गोष्ट आहे.

पण गोष्टी उघड व्हायच्या त्या होतातच. संस्थेचा पसारा तोवर खाडीपलीकडे गेला होता. नवी मुंबईत सिडकोचा भूखंड मिळून तिथे नवं कॉलेज उभं राहिलं होतं. २००४ साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाली तेव्हापासून मुलं तिकडेच जास्त येऊ लागली. ठाण्यातलं कॉलेज जुनं, अंधारं, तिकडे लिफ्ट आणि काचा. मंडळावरही तिकडचे लोक आले. त्यांत एक डॉक्टर होते, वाशीला स्वतःचं नर्सिंग होम असलेले. हुशार, वेळेचे पक्के, बोलायला थोडे तुसडे. त्यांच्या डोक्यात एकच घोळत असे, आपलं स्वतःचं विद्यापीठ. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेच्या वेळापत्रकाकडे डोळे लावून किती दिवस बसायचं, असं ते म्हणायचे, आणि निकाल लांबले की बाकीच्यांनाही ते पटायचं.

कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती आली त्या वेळी अप्पांनी स्वागताचं भाषण सुरू केलं. टिळक-आगरकर आले. राजीनामा आला. पाण्याचा घोट घेतला. "आता गणित बघा," म्हणाले, आणि पुढचं नाव येईना. समितीतले परप्रांतीय प्राध्यापक नम्रपणे हसत वाट बघत होते. शेवटी पहिल्या रांगेतून कोणीतरी "कर्वे" म्हणालं. अप्पांनी त्याच्याकडे बघून मान हलवली, जसं वर्गात बरोबर उत्तर देणाऱ्या मुलाकडे बघून हलवावी, आणि गोष्ट पुन्हा टिळकांपासून सुरू केली.

त्यानंतरचे दोन महिने जिन्यात, पार्किंगमध्ये, वाशीच्या गाडीत सगळं ठरत असणार. मला कुणकुण होती. अप्पांचा मुलगा नेरूळला राहायचा. तो एकदा कचेरीत येऊन गेला. मला वाटलं वडिलांची बाजू घ्यायला आला असेल. तर तो म्हणाला, "बाई, त्यांना यातून मोकळं करा हो. रात्री उठून विचारतात, पगाराच्या चेकवर सही झाली का म्हणून." म्हणजे खुर्ची सुटावी असं घरालाही वाटत होतं. मग हे अप्पांशी समोरासमोर बसून का बोलता आलं नाही? सात दिवस आधी नोटीस, विषय क्रमांक दोन, 'अध्यक्षपदाच्या निवडीबाबत', एवढंच करायचं होतं. मी तो विषय टाइप केला असता. माझी बोटं काही मोडली नसती.

सभेला नऊ जण हजर होते. विषय सहा. सहावा माझ्या फाइलमधला कायमचा. पाचवा विषय संपला तेव्हा पावणेसात वाजले होते आणि बटाटेवडे येऊन गार झाले होते. डॉक्टर उभे राहिले. "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचा एक विषय मांडतो," म्हणाले आणि खिशातून कागद काढला.

अप्पांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या उजव्या हाताला वही उघडून बसलेली.

"बाई, विषय काय आहे?"

काय सांगणार होते मी? "आयत्या वेळचा आहे, अप्पा."

"मग परवानगी," ते म्हणाले.

डॉक्टरांनी वाचलं. अप्पांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल कृतज्ञता, प्रकृतीचा विचार, 'संस्थापक अध्यक्ष' ही सन्माननीय उपाधी तहहयात, आणि आजपासून अध्यक्षपदाची जबाबदारी डॉक्टरांकडे. मराठी चांगलं होतं. दुसऱ्या कोणीतरी लिहून दिलं असावं. एका बिल्डर सभासदाने अनुमोदन दिलं. एक जण "योग्यच आहे" म्हणाले. चार जण आपापल्या विषयपत्रिकेकडे बघत होते. एकाने तर उलटी धरली होती. एक जण हात धुवायला म्हणून उठले ते विषय संपल्यावरच आत आले. आणि अप्पा. त्यांनी खिशातला खडू काढून टेबलावर उभा करायचा प्रयत्न चालवला होता. तो पडत होता, ते पुन्हा उभा करत होते.

"सर्वानुमते लिहा," डॉक्टर मला म्हणाले.

मी लिहिलं.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते, हे इथे लिहायलाच हवं, नाहीतर वाचणाऱ्याचा गैरसमज होईल. त्यांच्या काळात पगार एक तारखेला व्हायला लागले. बायकांच्या स्वच्छतागृहात कडी बसली, जी अप्पांच्या काळात सतरा वेळा सांगूनही बसली नव्हती. माझी भविष्यनिर्वाह निधीची अडकलेली नोंद त्यांनी स्वतः फोन करून सोडवली. माझी तक्रार त्यांच्या अध्यक्ष होण्याबद्दल नाहीच. ते ज्या ओळीतून आले, त्या ओळीबद्दल आहे.

विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आम्ही सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतो. सोबत सभेची नोटीस, ती मिळाल्याच्या सह्या, विषयपत्रिका, इतिवृत्ताची प्रमाणित प्रत. तो मंजूर झाला की परिशिष्ट एकवर जुनं नाव जाऊन नवं येतं. तोवर नोंदीत जुनंच. आमच्या अर्जावर हरकत आली. घेतली अप्पांच्या जुन्या सहकाऱ्याने. ते आजीव सभासद, त्या सभेला नव्हते, बायकोच्या ऑपरेशनसाठी दादरला होते. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं : हा विषय नोटिशीत नव्हता; असता तर मी बायकोला सोडून आलो असतो.

मग तारखा. एकदा डॉक्टरांच्या वकिलांनी मुदत मागितली, एकदा हरकतदारांच्या. तिकडे कचेरीत डॉक्टर अध्यक्ष, त्यांच्या नावाची पाटी, बँकेत त्यांची सही; आणि नोंदवहीत अध्यक्ष अप्पाच. मी दोन्हीकडची कागदपत्रं सांभाळत होते. एखाद्या घरात दोन सासवा असाव्यात तसं ते होतं.

माझंही शपथपत्र झालं आणि उलटतपासणी झाली. हरकतदारांचे वकील तरुण होते, आवाज खाली ठेवून विचारायचे.

"इतिवृत्त तुमच्या अक्षरात आहे?"

"हो."

"सर्वानुमते म्हणजे किती जणांनी मत दिलं?"

"हरकत कोणी घेतली नाही."

"मी मत विचारतोय."

मी गप्प राहिले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला तोपर्यंत कोणी विचारला नव्हता, आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता. तीन जण बोलले होते. चार जण बोलले नव्हते. एक जण नळाशी होता. एवढ्याचं मिळून सर्वानुमत झालं होतं.

"अध्यक्षांनी परवानगी दिली असं लिहिलंय. परवानगी देण्याआधी ते काही बोलले का?"

"आठवत नाही," मी म्हटलं.

खोटं होतं ते. शब्दन् शब्द आठवत होता, आजही आठवतो. पण 'बाई, विषय काय आहे' हे मी तिथे सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न अप्पांच्या डोक्याबद्दल आला असता. मग त्या कपाटातल्या सह्यांच्या कागदाबद्दल आला असता. भर कचेरीत एका वकिलाने त्यांच्या विस्मरणाची तारीखवार जंत्री काढली असती, आणि तीही त्यांच्याच बाजूने उभ्या राहिलेल्या माणसाच्या वकिलाने. मला ते नको होतं. शिवाय, आणि हे कबूल करायला जास्त जड जातं, नोकरीची काही वर्षं अजून बाकी होती आणि पगाराच्या पत्रकावर सही डॉक्टरांची होती.

निकाल काही लागलाच नाही. अप्पा गेले. मग हरकतदारांनी माघार घेतली, नव्याने रीतसर नोटीस निघाली, विषय क्रमांक दोन म्हणून निवडणूक झाली आणि डॉक्टर खरोखरच बिनविरोध निवडून आले. म्हणजे अप्पा गेले तेव्हा कायद्याच्या कागदावर तेच अध्यक्ष होते. शोकसभेची नोटीस काढताना 'संस्थापक अध्यक्ष' लिहायचं की 'अध्यक्ष', यावर मी बराच वेळ की-बोर्डवर बोटं ठेवून बसले होते. शेवटी 'आपले अप्पा' लिहिलं. डॉक्टरांनी ते वाचलं, बदललं नाही.

माझा भाचा अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ असतो. २०२३ च्या डिसेंबरात त्याने फोनवर तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियातल्या घडामोडी सांगितल्या. विद्यापीठाच्या अध्यक्ष लिझ मॅगिल, म्हणजे आपल्या भाषेत कुलगुरूच, यांनी ५ तारखेला संसदेच्या समितीपुढे दिलेल्या उत्तरांवरून गहजब झाला. ९ तारखेला त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच दिवशी विश्वस्त मंडळाचे प्रमुख स्कॉट बॉक यांनीही दिला. भाच्याला यात बड्या देणगीदारांची ताकद दिसत होती, आणि ती असेलच. मी मात्र त्याला विचारलं, तिकडे मंडळाचा प्रमुख जातो तेव्हा सभेचं इतिवृत्त कोण लिहितं रे? तो म्हणाला, "मावशी, तुला पडलेले प्रश्न गूगलला पण पडत नाहीत."

गेल्या वर्षी, २०२५ साली, आपल्याकडेही कायद्यात दुरुस्ती झाली. न्यासपत्रात वेगळी तरतूद नसेल, तर तहहयात विश्वस्त एकूण संख्येच्या एक चतुर्थांशाहून जास्त असू नयेत, असं त्यात आहे. पेपरात वाचलं तेव्हा घटना लिहिणारे ते तिशीतले पाच जण डोळ्यांपुढे आले. वाड्यातल्या खोलीत कंदिलाभोवती बसून, किती विषयांचा विचार केला असेल त्यांनी, आणि म्हातारपणाचाच तेवढा राहून गेला.

अध्यक्षपद गेल्यानंतरही अप्पा कचेरीत येत. पहिले काही महिने रोज, मग मंगळवारी, कारण सभा मंगळवारी असायच्या हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं. शिपाई त्यांना माझ्या टेबलासमोर खुर्ची द्यायचा. डॉक्टरांनी कधी हटकलं नाही, एकदा तर स्वतः वाकून नमस्कार करून गेले, आणि अप्पांनी "कितवीत आहेस?" म्हणून विचारलं.

"आजचा अजेंडा, बाई?" आल्या आल्या हात पुढे. चालू सभेचे कागद त्यांना द्यायचे नाहीत अशी मला सूचना होती. मग मी जुन्या फायलींतली एखादी विषयपत्रिका काढून द्यायची, कधी ९१ ची, कधी ९६ ची. ते खिशातून लाल पेन्सिल काढायचे, खडू बाजूला ठेवायचे आणि तपासायला लागायचे. 'कंत्राट'चा 'क' नीट उठला नाही. 'प्रयोगशाळा'त काना राहिला. "हे कोणी टाइप केलं?" "मीच, अप्पा." "घाई केलीत." स्टेन्सिलच्या जमान्यातल्या माझ्या चुका त्यांनी वीस वर्षांनी पकडल्या. शेवटच्या विषयापर्यंत यायचे, तो मोठ्याने वाचायचे, त्यात चूक सापडायची नाही. खाली सही करायचे. ती सही आता कुठल्याच कार्डाशी जुळली नसती.

मग अर्धा कप चहा. घड्याळाकडे बघायचे.

"सभा किती वाजता आहे?"

"साडेपाचला."

"मग बसतो जरा," म्हणायचे आणि पाय जवळ घेऊन बसायचे. पाच पंचवीसला मी लाल वही आणि दोन पेनं उचलून आत जायची. जाताना त्यांच्या डोक्यावरचा पंखा एकने कमी करायची, कागद उडू नयेत म्हणून.